विश्लेषण : घसरती गाडी सावरणारे ‘ईएसपी’ आणि ठिणगीपासून सुरुवात करणारा मेकॅनिक… रॉबर्ट बॉश कोण होते?

पावसाची पहिली मोठी सर पडून गेली की धरमपेठेतले रस्ते तासाभरासाठी फसवे होतात. उन्हाळाभर साचलेले तेलाचे थेंब, टायरची भुकटी आणि धूळ पाण्यात मिसळून रस्त्यावर पातळ साय धरते. लॉ कॉलेज चौकात सिग्नल सुटतो, चालक पहिल्या गिअरमध्ये क्लच थोडा घाईत सोडतो, पुढचे चाक जागच्या जागी फिरते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो. मागे दोन नागमोडी रेघा असलेली छोटी मोटार, असे त्याचे चित्र. अनेकांना वाटते की गाडीत बिघाड झाला. प्रत्यक्षात लुकलुकणारा दिवा म्हणजे यंत्रणा त्या क्षणी काम करते आहे. तो सतत पेटून राहिला तर मात्र यंत्रणा बंद आहे किंवा बिघडली आहे.

या दिव्यामागे ट्रॅक्शन कंट्रोल आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी प्रोग्रॅम, म्हणजे ‘ईएसपी’, ही दोन तंत्रे आहेत. ती ज्या कंपनीच्या नावाशी सर्वाधिक जोडली जातात तिच्या संस्थापकाने यांपैकी एकही पाहिले नाही. रॉबर्ट बॉश यांचे निधन १९४२ मध्ये झाले, तर ईएसपी असलेली पहिली मोटार १९९५ मध्ये रस्त्यावर आली. तरीही धरमपेठेत घसरणारे चाक आज ज्या मार्गाने आवरले जाते, त्याची सुरुवात त्यांच्या कार्यशाळेत सापडते.

रॉबर्ट बॉश कोण होते?

जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक गावात २३ सप्टेंबर १८६१ रोजी त्यांचा जन्म झाला. बारा भावंडांत ते अकरावे. घरची शेती होती आणि गावातून जाणाऱ्या गाडीवानांसाठी वडील खानावळ चालवत. रेल्वे आली आणि रस्त्यावरची ही वर्दळ आटत गेली. वडिलांनी सगळे विकले आणि कुटुंब उल्मला आले. वडील वाचणारे, उदारमतवादी विचारांचे होते. मुलाच्या स्वभावावर त्यांची छाप राहिली.

शाळेत रॉबर्ट फारसे चमकले नाहीत. उल्ममध्येच ते सूक्ष्म यंत्रांच्या कामाची उमेदवारी करू लागले. ज्याच्या हाताखाली शिकायचे तो मालक बेफिकीर होता, शिकवण्यात त्याला रस नव्हता. पुढे कामगारांच्या प्रशिक्षणाबाबत बॉश इतके काटेकोर राहिले, त्यामागे ही तीन वर्षे असावीत. त्यानंतर ते वेगवेगळ्या शहरांतल्या कारखान्यांत फिरले आणि स्टुटगार्टच्या तंत्र महाविद्यालयात काही महिने पाहुणा विद्यार्थी म्हणून बसले. पदवी त्यांनी घेतली नाही. १८८४ मध्ये ते अमेरिकेला गेले, न्यूयॉर्कमध्ये एडिसन यांच्या कारखान्यात काम केले आणि तिथल्या एका कामगार संघटनेचे सभासदही झाले. परतताना इंग्लंडमध्ये सीमेन्स बंधूंच्या कारखान्यात काही काळ काढला. वय पंचविशीचे, खिशात वडिलांकडून आलेला वारशाचा वाटा आणि हातात कसब एवढ्या भांडवलावर १५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्यांनी स्टुटगार्टमधल्या एका इमारतीच्या मागच्या भागात स्वतःची कार्यशाळा उघडली. मदतीला एक मेकॅनिक आणि एक हरकाम्या पोरगा होता.

ठिणगीचा धंदा कसा सुरू झाला?

सुरुवातीला मिळेल ते काम घ्यावे लागे. विजेची घंटा बसवणे, टेलिफोन जोडणे, वीजरोधक उभारणे अशी ती कामे होती. १८८७ मध्ये एका यंत्र उत्पादकाने त्यांच्याकडे चौकशी केली. डॉइट्झ कंपनीच्या जागेवर उभ्या असणाऱ्या गॅस इंजिनावर असते तसे ठिणगी पाडणारे उपकरण बनवून मिळेल का? बॉश यांनी आधी त्यावर कोणाचे पेटंट आहे का ते तपासले. पेटंट नव्हते. मग त्यांनी ते उपकरण, म्हणजे मॅग्नेटो, सुधारून बनवले. एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण इंटरनेटवरील बऱ्याच मजकुरात ती चुकते. मॅग्नेटोचा शोध बॉश यांचा नाही. चालत नसलेली किंवा जेमतेम चालणारी गोष्ट रोज, प्रत्येक वेळी चालेल अशी करणे, हे त्यांचे काम होते.

मॅग्नेटो म्हणजे इंजिनाच्या फिरण्यावरच चालणारे छोटे वीजनिर्मिती यंत्र. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलते, वीज तयार होते आणि ती नेमक्या क्षणी तोडली की सिलिंडरमध्ये ठिणगी पडते. बॅटरी लागत नाही. त्या काळच्या मोटारींत पेट देण्यासाठी एक तर तापवलेली नळी असे आणि ती तापती ठेवायला उघडी ज्योत लागे. दुसरा पर्याय बॅटरीचा होता, पण ती लवकर संपायची. पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर ज्योत जळत असलेली गाडी चालवणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे.

ही सगळी कहाणी सरळ चढतीची नाही. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला शहरातील विजेची कामे रखडली, कार्यशाळा कर्जात गेली आणि बहुतेक कामगारांना कमी करावे लागले. आईने हमी दिली म्हणून कर्ज मिळाले. याच काळात बॉश यांनी इंग्लंडहून सायकल मागवली होती आणि तिच्यावरून ते गिऱ्हाइकांकडे फिरत. स्टुटगार्टच्या चढउतारांवर सायकल चालवणारा हा माणूस लोकांना चमत्कारिक वाटे.

१८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स हा व्यावसायिक त्यांच्याकडे द दियों-बुतों कंपनीची तीनचाकी घेऊन आला. तिचे इंजिन मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेई. जागेवरच्या संथ इंजिनासाठी बनवलेला मॅग्नेटो या वेगाला पुरणार नव्हता, कारण त्यातला जड भाग इतक्या झपाट्याने मागेपुढे हलूच शकत नव्हता. बॉश यांचे कारखाना-प्रमुख आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी तोडगा काढला. जड भाग स्थिर ठेवायचा आणि त्याच्याभोवतीचे हलके धातूचे कवच तेवढे हलवायचे. त्यामुळे मॅग्नेटो पहिल्यांदाच मोटारीच्या वेगाला पुरला. पाच वर्षांनी, १९०२ मध्ये, गॉटलोब होनोल्ड या त्यांच्या अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला स्पार्क प्लग तयार केला. जगभरच्या मोटार कंपन्या रांगेत उभ्या राहिल्या. पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर कंपनीची बहुतांश विक्री जर्मनीबाहेर होत होती.

त्सेरिंगर आणि होनोल्ड ही नावे मुद्दाम दिली आहेत. बॉश यांचे चरित्र एकट्या संशोधकाचे नाही. माणसे निवडणे, त्यांना मोकळीक देणे आणि तयार मालावर कठोर नजर ठेवणे हे त्यांचे बळ होते.

मग याचा ट्रॅक्शन कंट्रोलशी काय संबंध?

इथे थोडे तंत्रज्ञानात शिरावे लागेल. चाक आणि रस्ता यांच्यामधली पकड मर्यादित असते. तीच पकड गाडीला पुढे ढकलते, थांबवते आणि वळवतेही. एका कामासाठी ती जास्त वापरली की बाकीच्या कामांसाठी कमी उरते. म्हणूनच वळणावर जोरात एक्सलरेटर दाबला की गाडी वळायचे सोडून सरळ निघते.

पुढचे चाक जागीच फिरू लागले, तर त्यावर जाणारी इंजिनाची ताकद तातडीने कमी करायला हवी. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग मोजतो. एक चाक इतरांपेक्षा खूप वेगाने फिरताना दिसले की संगणकाकडे दोन उपाय असतात. पहिला, त्या चाकाला हलका ब्रेक लावणे. दुसरा, इंजिनाचा जोर कमी करणे. पेट्रोल इंजिनात जोर कमी करण्याचा सर्वांत झटपट मार्ग म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडणे. थ्रॉटलची झडप बंद करायला आणि आत गेलेली हवा संपायला वेळ लागतो. ठिणगीची वेळ मात्र पुढच्याच स्फोटापासून बदलता येते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, तिथे इंधनाची पिचकारी आखडती घेतली जाते.

ठिणगीची वेळ आणि इंधनाची पिचकारी या दोन्ही गोष्टी बॉश यांच्या हयातीतच त्यांच्या कंपनीचा कणा बनल्या. पहिलीची सुरुवात १८८७ ची. दुसरीसाठी १९२२ च्या सुमारास काम हाती घेतले गेले आणि १९२७ मध्ये डिझेल इंजेक्शन पंपाचे मालिका उत्पादन सुरू झाले. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन तोवर जहाजांत आणि कारखान्यांत होते. हजारो पंप एकाच अचूकतेने बनू लागल्यावर ते ट्रकमध्ये आले. महाराष्ट्राशी या कंपनीचा जवळचा धागा इथेच आहे. नाशिकचा ‘मायको सर्कल’ ज्या ‘मायको’वरून ओळखला जातो ती मोटर इंडस्ट्रीज कंपनी म्हणजे १९५१ मध्ये बंगळूरुत सुरू झालेली बॉशची भारतीय कंपनी. डिझेल इंजेक्शनचे सुटे भाग बनवणारा तिचा नाशिकचा कारखाना सत्तरच्या दशकापासून चालू आहे. २००८ मध्ये कंपनीचे नाव बदलून बॉश लिमिटेड झाले, चौकाचे नाव बदलले नाही.

मॅन्युअल गाडीत हे तंत्र वेगळे चालते का?

बाजारात एक समज पक्का बसला आहे की ईएसपी ऑटोमॅटिक गाड्यांसाठी असते आणि मॅन्युअल गिअरच्या गाडीत त्याचा उपयोग नाही. त्याला कारणही आहे. सुरुवातीला ही तंत्रे महागड्या, बहुधा ऑटोमॅटिक गाड्यांत आली. भारतातही काही कंपन्यांनी अनेक वर्षे एकाच मॉडेलच्या ऑटोमॅटिक प्रकारात ईएसपी दिले आणि मॅन्युअल प्रकारात वगळले. ग्राहकाने त्यातून तांत्रिक कारण असल्याचा निष्कर्ष काढला. कारण किमतीचे होते.

ईएसपीचे मुख्य काम ब्रेकमधून होते आणि ब्रेकला गिअरबॉक्स कोणता आहे याच्याशी देणेघेणे नसते. सुकाणू किती वळवले आहे, गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरते आहे आणि बाजूला किती ढकलली जाते आहे हे सेन्सर सांगतात. चालकाला जायचे आहे ती दिशा आणि गाडी जात आहे ती दिशा यांची तुलना सेकंदाला सुमारे २५ वेळा होते. गाडीचे नाक वळणाबाहेर निघाले तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लागतो आणि नाक आत ओढले जाते. शेपूट बाहेर गेली तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. एका वेळी एकाच चाकाला ब्रेक लावणे माणसाला शक्य नाही, त्याच्या पायाखाली एकच पेडल असते.

मॅन्युअल गाडीत फरक पडतो तो क्लचमुळे. चालकाने क्लच दाबला की इंजिन आणि चाके यांची फारकत होते, अशा वेळी इंजिनाचा जोर कमी करून काही साधत नाही आणि यंत्रणा फक्त ब्रेकवर काम करते. म्हणून गाडी घसरू लागल्यावर घाबरून क्लच दाबला तरी ईएसपी निकामी होत नाही, मात्र तिचा एक हात बांधला जातो.

दुसरी अडचण फक्त मॅन्युअल चालवणाऱ्यांना ठाऊक असते. ओल्या रस्त्यावर वेगात असताना चौथ्यावरून थेट दुसऱ्या गिअरमध्ये यावे आणि क्लच झटकन सोडावा. इंजिन अचानक चाकांना ओढून धरते आणि ब्रेक न लावताही पुढची चाके अडकल्यासारखी घसरतात. यावर उपाय उलटा आहे. इथे संगणक इंजिनाचा जोर क्षणभर वाढवतो, जणू चालकाने एक्सलरेटरला हलका स्पर्श केला. अनेक ईएसपी यंत्रणांत ही सोय असते. माहितीपत्रकात ती क्वचितच लिहिलेली असते आणि विक्रेत्यालाही बहुधा माहीत नसते. चढावर गाडी मागे न जाऊ देणारा ‘हिल होल्ड’ हा त्याच ब्रेक यंत्रणेचा भाग. सेमिनरी हिल्सच्या चढावर ब्रेकवरचा पाय एक्सलरेटरवर नेईपर्यंत तो साधारण दोन सेकंद ब्रेक धरून ठेवतो. याचा खरा फायदा मॅन्युअल चालकालाच आहे.

ही यंत्रणा बंद करण्याचे बटण का असते, असाही प्रश्न पडतो. विदर्भातल्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी रुतली तर त्याचे उत्तर मिळते. चिखलातून निघायला चाक थोडे फिरावेच लागते, पण ट्रॅक्शन कंट्रोल ते फिरूच देत नाही आणि गाडी जागेवर गुरगुरत राहते. तेवढ्यापुरते बटण दाबून बंद करावे आणि डांबरी रस्ता लागताच पुन्हा सुरू करावे.

मालक म्हणून बॉश कसे होते?

१९०६ मध्ये त्यांनी आपल्या कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला आणि १९१० मध्ये शनिवारची दुपार मोकळी दिली. भारतात १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुष कामगारांचा दिवस बारा तासांवर आणला, हे शेजारी ठेवले की फरक कळतो. नागपूरकरांना अशा मालकाचे उदाहरण परके नाही. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली एम्प्रेस मिल कामगारांच्या सोयींसाठी त्या काळात ओळखली जाई. उद्योगपतींच्या वर्तुळात बॉश यांना ‘लाल बॉश’ म्हणून हिणवले गेले.

मात्र त्यांना संत ठरवण्याचे कारण नाही. आठ तासांच्या दिवसामुळे दोन पाळ्या बसवता आल्या आणि यंत्रे जास्त वेळ चालली, हा हिशेब त्यांना नीट कळत होता. १९१३ मध्ये त्यांच्याच कारखान्यात मोठा संप झाला. चांगली मजुरी देऊनही संप झाला याचा त्यांना धक्का बसला आणि त्यानंतर ते मालकांच्या संघटनेत सामील झाले. कचेरीत जमिनीवर पडलेली कागदाची टाचणी उचलून ती कोणाच्या पैशाची आहे, असे कर्मचाऱ्याला सुनावल्याची गोष्ट त्यांच्याबद्दल सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, त्यांच्या स्वभावाला शोभते.

पहिल्या महायुद्धाने परदेशातला पसारा बुडवला. अमेरिकेतील मालमत्ता आणि नाममुद्राही गेली. दुसरीकडे युद्धाच्या ऑर्डरींनी नफा वाढवला. युद्धातून आलेला पैसा त्यांना बोचत होता. त्यातला मोठा भाग त्यांनी सार्वजनिक कामांसाठी देऊन टाकला, नेकर नदीवरील कालव्याची योजना त्यातलीच. घरातही याच काळात मोठी हानी झाली. ज्याच्या हाती कंपनी जायची तो मुलगा रॉबर्ट दीर्घ आजारानंतर १९२१ मध्ये वारला. मल्टिपल स्क्लेरोसिसवर त्या काळी उपाय नव्हता. पुढे पहिला विवाह मोडला, १९२७ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला आणि या विवाहातून त्यांना दोन अपत्ये झाली.

कंपनी फक्त ठिणगीवर राहिली नाही. दिवे, भोंगा, काच पुसणारा वायपर, ब्रेकला जोर देणारे उपकरण, पुढे घरगुती फ्रिज आणि हातातील ड्रिल असा विस्तार झाला. यादी लांबवता येईल, पण या लेखासाठी त्यातला ब्रेकच महत्त्वाचा. १९३६ मध्ये कंपनीने मोटारीची चाके ब्रेक लावताना अडकू नयेत यासाठीच्या उपकरणाचे पेटंट घेतले. आजच्या एबीएसची कल्पना तीच. तेव्हा बॉश ७५ वर्षांचे होते आणि दैनंदिन कारभार इतरांकडे गेला होता, त्यामुळे या पेटंटचे श्रेय त्यांना व्यक्तिशः देता येत नाही. कल्पना बरोबर होती, पण चाक अडकण्याच्या बेतात आहे हे ओळखून ब्रेक सोडायला लागणारा वेग यांत्रिक सुट्या भागांना झेपणारा नव्हता. त्यासाठी चार दशके थांबावे लागले.

नाझी राजवटीत त्यांची भूमिका काय होती?

चरित्रातला हा भाग सर्वांत अवघड आहे आणि घाईने उरकण्याजोगा नाही. बॉश लोकशाहीवादी होते, जर्मनी आणि फ्रान्स यांचा समेट व्हावा यासाठी त्यांनी पैसा आणि वजन खर्च केले होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. बॉश यांनी त्याची भेट घेतली आणि त्यांची निराशा झाली. त्यानंतर कंपनीत दोन गोष्टी एकाच वेळी घडत राहिल्या.

एकीकडे त्यांच्या विश्वासातल्या अधिकाऱ्यांनी छळ होणाऱ्या ज्यूंना मदत केली, पैसे पुरवले, देशाबाहेर पडायला हातभार लावला. कंपनीचे प्रमुख हान्स वाल्त्स यांना त्यासाठी पुढे इस्रायलने गौरवले. लायप्झिगचे माजी महापौर कार्ल गोएर्डेलर यांना कंपनीने सल्लागार म्हणून नेमले. हिटलरविरोधी कटातले ते प्रमुख नाव होते आणि ही नेमणूक त्यांच्या प्रवासांसाठी आडोसा ठरली. त्यांना १९४५ मध्ये फाशी देण्यात आली.

दुसरीकडे हीच कंपनी जर्मन लष्कराला माल पुरवत होती. विमाने आणि रणगाड्यांसाठी सुटे भाग बनत होते, त्यासाठी नवे कारखाने उभे राहिले आणि युद्धकाळात सुमारे वीस हजार वेठबिगार तिथे राबवले गेले. त्यांत छळछावण्यांतून आणलेले कैदीही होते. विरोधकांना पैसा पुरवणारी तिजोरी आणि वेठबिगारांच्या श्रमावर भरणारी तिजोरी एकच होती. बॉश यांच्या चांगुलपणाचे दाखले देताना हे वाक्य अनेक लेखांतून गळते.

१२ मार्च १९४२ रोजी वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता तिनेच त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला.

त्यांच्या पश्चात हे तंत्र कसे आले?

मृत्युपत्रात त्यांनी कंपनी टिकावी आणि नफा लोकोपयोगी कामांकडे जावा अशी दिशा आखून दिली होती. १९६४ मध्ये कंपनीचा बहुतांश हिस्सा धर्मादाय प्रतिष्ठानकडे गेला. होमिओपॅथीवर त्यांचा विश्वास होता आणि त्यातूनच त्यांनी स्टुटगार्टमध्ये १९४० मध्ये रुग्णालय उभारले. ते आजही चालते. समभागधारकांना दर तिमाहीला नफा दाखवण्याचा दबाव नसल्याने लांबणाऱ्या संशोधनाला वाव मिळाला, असे मानायला जागा आहे. एबीएसचा प्रवास पाहिला तर ते पटते. १९३६ च्या पेटंटनंतर ते १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आले. तोवर डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सने शेकडो सुट्या भागांची जागा घेतली होती. चाक अडकू न देणारी यंत्रणा उलटी वापरली की चाक फिरू न देणारी यंत्रणा होते. ट्रॅक्शन कंट्रोल १९८६ मध्ये आले ते असे. आन्तोन फान झान्टेन यांच्या नेतृत्वाखालील बॉशच्या चमूने मर्सिडीजसोबत ईएसपी विकसित केले आणि १९९५ मध्ये ते विक्रीला आले.

पण ते सर्वसामान्यांच्या गाडीत पोहोचले एका फजितीमुळे. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या पत्रकारांनी मर्सिडीजची छोटी, उंच ए-क्लास गाडी अचानक डावी-उजवीकडे वळवून पाहिली. रस्त्यात आडवे आलेले सांबराएवढे जनावर चुकवण्याची ती चाचणी होती. गाडी उलटली. कंपनीने विक्री थांबवली आणि नंतर प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी बसवले. लहान गाडीतही ते देता येते हे त्यातून सिद्ध झाले. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे आहे, गिअर मॅन्युअल असो वा ऑटोमॅटिक.

भारतात सध्या काय स्थिती आहे?

मोटारींत एबीएस २०१९ पासून सक्तीचे झाले. ईएसपीची तशी सक्ती सरसकट झालेली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ सुरक्षा चाचणीत तीन किंवा अधिक तारे मिळवायचे असतील, तर गाडीत हे तंत्र असणे आवश्यक केले गेले. त्यामुळे कंपन्या आता मॅन्युअल आणि खालच्या प्रकारांतही ते देऊ लागल्या आहेत. ही चाचणी मात्र ऐच्छिक आहे.

नागपूरकरांसाठी हा प्रश्न कागदी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि शहराच्या वेशीवरच ताशी १२० किलोमीटर वेगमर्यादेचा रस्ता आला. धरमपेठेतून ट्रॅफिक पार्कला वळसा घालून निघालेली गाडी तासाभरात त्या वेगात असते. अचानक जनावर आडवे आले आणि सुकाणू झटक्यात वळवले, तर स्वीडनमधल्या चाचणीतली परिस्थिती जशीच्या तशी तयार होते. अर्थात, गुळगुळीत झालेल्या टायरला यातले कोणतेही तंत्र पकड देऊ शकत नाही. ते फक्त उरलेली पकड नीट वाटते.

जुनी गाडी घेताना ही यंत्रणा आहे की नाही हे ओळखण्याची साधी खूण आहे. चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर लागतात. नागमोडी रेघांच्या मोटारीचा पिवळा दिवा त्यात दिसला आणि मग विझला, तर यंत्रणा आहे आणि स्वतःची तपासणी तिने केली आहे. तो लागलाच नाही, तर एक तर यंत्रणा नाही किंवा कोणीतरी तो दिवा काढून टाकला आहे, आणि मग गाडी मेकॅनिकला दाखवल्याखेरीज व्यवहार करू नये.